'द ड्रीमर्स' मित्राच्या घरी लावावा का?

खारीबिस्किट

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चूकभूल सांभाळून घ्या.

तर आम्ही तिघं दर शनिवारी रात्री पिक्चर बघतो. नारायण पेठेत मित्राचं घर आहे, जुना वाडा, वरच्या माडीवर सेकंडहँड प्रोजेक्टर (चालू केला की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं) आणि भिंतीला काकूंची पांढरी चादर. त्या चादरीवर मधोमध हळदीचा डाग आहे, तीनदा धुऊन गेला नाही, त्यामुळे गेल्या दोन वर्षांत आम्ही बघितलेल्या प्रत्येक हिरॉईनच्या गालाला कधी ना कधी हळद लागलेली आहे.

तिघं म्हणजे मी, मित्र आणि त्याची धाकटी बहीण. पिक्चरचं खूळ आमच्या दोघांपेक्षा तिलाच जास्त, ती कॅमेरा कुठे हलला ते सांगते, आम्ही आपले भेळ खातो. पिक्चर कुणी निवडायचा याची पाळी ठरलेली आहे, या शनिवारी माझी आहे, आणि माझ्या डोक्यात दिग्दर्शक बर्तोलुचीचा 2003 चा 'द ड्रीमर्स' बसलाय. मी एकट्याने हेडफोन लावून दोनदा बघितलाय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (पुढे पण स्पॉयलर येतील): 1968 चं पॅरिस, मॅथ्यू नावाचा अमेरिकन पोरगा शिकायला आलाय पण सगळा वेळ सिनेमाथेकमध्ये (जुने पिक्चर जपून ठेवतात आणि दाखवतात ती जागा) पहिल्या रांगेत. तिथे त्याला थिओ आणि इझाबेल ही जुळी भावंडं भेटतात, दोघं पिक्चरवेडी. त्यांचे आईवडील महिनाभरासाठी बाहेरगावी जातात आणि हा त्यांच्या घरी राहायला. मग तिघं घराबाहेर पडतच नाहीत. पिक्चरमधला सीन करून दाखवायचा आणि नाव ओळखायचं, आपलं डम्ब शराड्सच म्हणा, फक्त हरणाऱ्याला जे दंड होतात ते इथे लिहिता येणार नाहीत. आणि त्या भावाबहिणीमधलं जे काही आहे ते, म्हणजे, आहे.

मला सगळ्यात आवडलेली जागा अगदी सुरुवातीची. निदर्शनं चालू असतात आणि इझाबेल सिनेमाथेकच्या गेटला साखळीने बांधून घेतल्यासारखी उभी असते, ओठाला सिगारेट चिकटलेली, ती मॅथ्यूला म्हणते जरा काढ ना. तो काढतो तर कागद ओठाला चिकटून बसलेला. आणि मग कळतं की साखळीला कुलूपच नाहीये, नुसती गुंडाळलेली आहे, ती हात काढते आणि साखळी खाली. तो सीन मी किती वेळा मागे नेऊन बघितला असेल.

तर प्रश्न असा की हा पिक्चर त्या माडीवर लावावा का? पिक्चर ओव्हर आहे हे मलाही कळतं, अमेरिकेत त्याला एनसी-17 दिलं होतं, म्हणजे अठराच्या आतल्यांना थिएटरात प्रवेशच नाही. आम्ही तिघंही पंचविशीच्या आसपासचे आहोत त्यामुळे तो मुद्दा नाही, पण समोर सख्खे भाऊबहीण बसलेत आणि पडद्यावर ते. त्यात काका-काकू बसने नर्मदा परिक्रमेला गेलेत, अजून बारा-तेरा दिवस येत नाहीत, वाड्यात आम्हीच. त्यांच्या घरात मी दहावीपासून जेवतोय, एका वर्षी तर राखीपौर्णिमेला काकूंनी तिला मलाही राखी बांधायला लावली होती (संध्याकाळपर्यंत ती कुठेतरी पडून पण गेली). म्हणजे घरातलाच आहे मी, उगाच ऑकवर्ड नको.

दुसरं म्हणजे त्यात जुन्या पिक्चरचे एवढे संदर्भ आहेत, ते माहीत नसतील तर मजा येते का?

सिंहगडरोडवासी

आईबाप परिक्रमेला, वाड्यात तिघं, आणि पिक्चर कुठला तर आईबाप बाहेर गेल्यावर तिघं काय करतात तो. भाऊ, काकू जाताना फळीवर चेक ठेवून गेल्यात का तेवढं बघा, पिक्चरमध्ये ठेवतात.

रिळकाका

खारीबिस्किट, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, पहिला तुमचा तुम्ही बघा.

सगळे संदर्भ कळायची गरज नाही, पण ती निदर्शनं कशाची होती एवढं माहीत पाहिजे, नाहीतर पोरं उगाच गेटवर ओरडतायत असं वाटतं. आँरी लांग्लुआ नावाचा माणूस, त्याने 1936 मध्ये जॉर्ज फ्रांजूला बरोबर घेऊन ही सिनेमाथेक काढली. जर्मन पॅरिसमध्ये होते तेव्हा त्याने डबे लपवून ठेवून पिक्चर वाचवले. सापडेल ते गोळा करायचं आणि गोळा केलेलं दाखवायचं, हा त्याचा धर्म. हिशेब, याद्या, कपाटं लावणं यात आनंदच होता, तेच कारण पुढे करून फेब्रुवारी 1968 मध्ये सरकारने त्याला काढलं, सांस्कृतिक मंत्री होते आंद्रे मालरो, स्वतः एवढे मोठे लेखक. त्यावर गोदार, त्रुफो असे दिग्दर्शक सगळे रस्त्यावर आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, जगभरच्या दिग्दर्शकांनी कळवलं की असं असेल तर आमचे पिक्चर दाखवायचे नाहीत. एप्रिलमध्ये सरकारला त्याला परत घ्यावं लागलं. मग मे महिन्यात अख्खं पॅरिसच पेटलं आणि कान शहरातला फिल्म महोत्सवसुद्धा अर्ध्यात गुंडाळला. एका म्हाताऱ्या रिळवेड्याच्या नोकरीपासून सुरू झालं म्हणायला हरकत नाही, अर्थात ते पूर्ण खरं नाही, विद्यापीठातला असंतोष वेगळा होताच.

पिक्चरमध्ये ज्याँ-पिएर लिओ हा नट गेटवर उभा राहून पत्रक वाचतो बघा. तिथे 1968 ची खरी फिल्म आणि 2003 मध्ये परत शूट केलेला तोच माणूस असे तुकडे एकमेकांत लावलेत. तरुण लिओ एक वाक्य म्हणतो, पुढचं म्हातारा म्हणतो. मला त्या सगळ्या नागडेपणापेक्षा तिथे जास्त कसंतरी झालं.

आता पुणेकर म्हणून थोडं विषयांतर. आपला लांग्लुआ लॉ कॉलेज रोडला होता हो. पी. के. नायर. राष्ट्रीय फिल्म संग्रहालय 1964 चं, नायर दुसऱ्या वर्षी आले ते 1991 ला निवृत्त होईपर्यंत डबे गोळा करत राहिले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची जी काही रिळं आज बघायला मिळतात ती त्यांनी फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवली म्हणून. मी 1981 च्या उन्हाळ्यात फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स केला, बँकेतून रजा काढून, घरी सांगितलं ऑफिसचं ट्रेनिंग आहे. सतीश बहादूर सर 'पथेर पांचाली' एकेक शॉट थांबवून शिकवायचे आणि नायर साहेब अंधारात बसून वहीत काहीतरी लिहीत असायचे, वहीकडे बघायचेसुद्धा नाहीत.

हा पिक्चर आला त्याच वर्षी, जानेवारी 2003 मध्ये, प्रभातच्या जुन्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेटची रिळं जळाली. नायट्रेट पेटलं की विझवता येत नाही, ते स्वतःच ऑक्सिजन तयार करतं. आमच्यातले काही जण दुसऱ्या दिवशी नुसते गेटपर्यंत जाऊन उभे राहून परत आले, करणार काय होतो.

असो. मॅथ्यू सुरुवातीला म्हणतो की आम्ही पहिल्या रांगेत बसायचो कारण पडद्यावरचं आम्हाला सगळ्यात आधी मिळावं, मागच्या रांगांपर्यंत जाऊन शिळं व्हायच्या आत. अलका टॉकीजला आम्ही पहिल्या रांगेत बसायचो कारण तिकीट स्वस्त होतं आणि मान दोन दिवस दुखायची. पण ते ऐकल्यावर वाटलं, अरे, आपण पण आधीच बघत होतो की.

माझा सल्ला, आधी गोदारचा 1964 चा 'बांद आ पार' लावा. त्यात तिघं जण हात धरून लूव्र म्युझियममधून पळत सुटतात, 9 मिनिटं 43 सेकंदांत. 'ड्रीमर्स'मधली तिघं तो विक्रम मोडायला पळतात आणि 9 मिनिटं 28 सेकंदांत पार करतात. पहिलं बघितलेलं असेल तर दुसऱ्यात खरंच अंगावर काटा येतो, नसेल तर तीन येडी पळतायत.

मृण्मयी_के

काका, प्रतिसाद सुंदर. पण मी थोडं वाकडं बोलणार आहे.

मला हा पिक्चर कॉलेजमध्ये प्रचंड आवडला होता आणि आता बघवत नाही, दोन्ही खरं आहे. इझाबेल झालेल्या इव्हा ग्रीनचा हा पहिला पिक्चर. ही भूमिका घेऊ नको म्हणून घरच्यांनी आणि एजंटने तिला सांगितलं होतं, असं तिनेच मुलाखतीत सांगितलंय, कारण बर्तोलुचीच्या 1972 च्या पॅरिसच्याच पिक्चरमध्ये, 'लास्ट टँगो इन पॅरिस'मध्ये, हिरॉईन मारिया श्नायडरबरोबर जे झालं ते सगळ्यांना माहीत होतं. त्यातल्या जबरदस्तीच्या कुप्रसिद्ध सीनमध्ये काय करणार आहोत हे तिला आधी पूर्ण सांगितलं नव्हतं हे बर्तोलुचीने स्वतः नंतर कबूल केलं. हे माहीत झाल्यावर याचा कॅमेरा एखाद्या मुलीवर रेंगाळला की मी आपोआप सावध होते, त्याला माझा इलाज नाही.

आणि एक. गिल्बर्ट अडेरच्या कादंबरीवर आहे ना हा, पटकथा पण त्याचीच. कादंबरीत मॅथ्यू आणि थिओ या दोघांमध्येही ते आहे, पिक्चरमध्ये ते गायब, नुसत्या नजरा ठेवल्यात. म्हणजे भावाबहिणीचं दाखवायला हरकत नाही पण दोन मुलांचं नको. धाडस धाडस म्हणतात ते इथे बरोब्बर संपतं.

तरी एक गोष्ट मी कधी विसरत नाही. बाकीचे इझाबेलची आंघोळ लक्षात ठेवतात, मी तिची खोली. अख्ख्या घरात तिघं कसेही वावरत असतात पण तिच्या खोलीत कुणाला जाऊ देत नाही आणि मॅथ्यू शेवटी जातो तर आत काय, लहान मुलीची खोली, नीटनेटकी, खेळणी वगैरे. एवढा आव आणणारी मुलगी आणि ही खोली. आणि तो तिला साध्या डेटवर नेतो, बाहेर, पिक्चरला, आणि तिथे ते दोघं मागच्या रांगेत बसतात. पहिल्या रांगेवाली मुलगी मागच्या रांगेत. परत येताना दुकानाच्या काचेतल्या टीव्हीवर दिसतं की बाहेर दंगल चालू आहे, यांना पत्ताच नाही. तेवढीच काय ती दहा मिनिटं ती वीस वर्षांची वाटते.

खारीबिस्किट, तुम्ही एवढं लिहिलंत, मित्राला काय वाटेल, काकू काय म्हणतील, ऑकवर्ड होईल का. तिला काय वाटेल हे एकदाही लिहिलं नाहीत. तुमच्या मते तिघांत पिक्चर तिलाच जास्त कळतो ना, मग तिला विचारा की.

सिंहगडरोडवासी

आणि राखी "संध्याकाळपर्यंत पडून पण गेली" हे कंसात का लिहिलंय ते आम्हाला कळलेलं आहे. हा धागा पॅरिसचा नाही मंडळी, नारायण पेठेचा आहे.

खारीबिस्किट

अहो नाही हो, काहीही काय. राखीचं असंच ओघात आलं. मित्राची बहीण आहे ती, मित्राची बहीण म्हणजे विषयच संपला. त्यांच्या घरी दिवाळीला पहिल्या अंघोळीला मला बोलावतात आणि उटणं पण काकूच लावतात, मी असला विचार करीन का.

मृण्मयी ताई, मुद्दा बरोबर आहे, तिला विचारलंच नाही. रिळकाका, 'बांद आ पार' मिळाला, प्रिंट बरी आहे.

वेताळटेकडी

काकांनी गेटचा विषय काढला म्हणून. 2015 ला मी फर्ग्युसनला होतो, एफटीआयआयचा (इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटचा) संप 139 दिवस चालला, अध्यक्षांच्या नेमणुकीवरून. आम्ही संध्याकाळी उगाच जायचो, मित्राचा मित्र आत होता. भिंती रंगवलेल्या, ढोलकी, कुणीतरी भाषण करतंय, कुणीतरी झाडाखाली झोपलंय. तेव्हा हॉस्टेलला एका रात्री कुणीतरी हाच पिक्चर लॅपटॉपवर लावला होता, पंधरा जण एका लॅपटॉपला. शेवटी खिडकीची काच फोडून दगड आत येतो तो सीन लागला (गॅस चालू असतो, तिघं तंबूत झोपलेली, दगडामुळे वाचतात) आणि एकदम सगळे गप्प. मला तेव्हा वाटलं काय भारी, क्रांतीने वाचवलं. आता वाटतं की तो दगड कुणीही यांच्यासाठी मारला नव्हता, चुकून आला.

फरक एवढाच की लांग्लुआ परत आला. आमच्याकडे नेमणूक काही रद्द झाली नाही, पोरं वर्गात परत गेली.

बाकी पिक्चर लावा हो, बघून कुणी बिघडत नाही. तंबू तेवढा बांधू नका. तिघं तंबूत असताना आईबाप अचानक परत येतात, बघतात, चेक ठेवून गुपचूप निघून जातात. नारायण पेठेत चेक मिळणार नाही.

रिळकाका

हा हा. परिक्रमेच्या बसेस लवकर परतत नाहीत, पण वाड्यात शेजारी असतात आणि शेजाऱ्यांकडे फोन असतो.

मृण्मयी, तुमचा खोलीचा मुद्दा मला तेव्हा सुचला नव्हता. मी तेवढा भाग परत बघितला काल. त्या आधीचं घरच्या जेवणाचं टेबल पण बघा, मॅथ्यू लायटर घेऊन टेबलक्लॉथच्या चौकड्यांवर ठेवून बघत बसतो, कसाही ठेवला तरी लायटरची लांबी कुठल्या ना कुठल्या रेघेत बरोबर बसते, आणि सगळे वाद विसरून त्याच्याकडे बघतात. मुलांचे वडील कवी आहेत म्हणे, पण त्या क्षणी कवी तो पोरगा असतो. बर्तोलुचीबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य करूनही एवढं त्याच्या पदरात टाकतो.

खारीबिस्किट

मंडळी, अपडेट देतो, इतक्या जणांनी वेळ काढून लिहिलं म्हणून.

शनिवारी मी दोन्ही घेऊन गेलो, पेनड्राइव्हमध्ये. तिला विचारलं, हा लावू का, तर म्हणाली मी बघितलाय, एसवायला असताना, मोबाईलवर, दादा शेजारच्या कॉटवर घोरत होता. आणि मृण्मयी ताईंनी लिहिलं तेच जवळजवळ बोलली, की त्यात मुलगी कुणाला तरी दाखवायची म्हणून आहे, पण सिगारेटचा सीन चांगला आहे. मी म्हटलं मला पण तोच आवडतो. मग दोघं थोडा वेळ काही बोललो नाही. मित्र म्हणाला कुठला सिगारेटचा सीन.

तर 'बांद आ पार' लावला. आन्ना करिनाच्या गालाला हळद लागली, नेहमीप्रमाणे. लूव्रचा सीन इतका छोटा असेल असं वाटलं नव्हतं, काका तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही केवढी वाट बघत होतो आणि आला आणि गेला. तिने तीनदा मागे नेऊन लावला.

संपला तेव्हा दीड वाजला होता. तीच म्हणाली, चला. कुठे तर झेड ब्रिजला. केळकर रोडच्या टोकाकडून डेक्कनच्या टोकापर्यंत, तिघांनी हात धरून, मित्राच्या मोबाईलवर स्टॉपवॉच. मधे दोन जोडपी गाड्यांवर बसलेली होती ती दचकून बघायला लागली, एक कुत्रं आमच्याबरोबर पळत आलं. अर्ध्यात मित्राची चप्पल तुटली, तो ओरडला तुम्ही जा, वेळ चालू आहे, आणि थांबला. आम्ही पळत राहिलो. वेळ किती लागला ते कळलं नाही कारण स्टॉपवॉच त्याच्याकडे.

डेक्कनच्या बाजूला पोचल्यावर दोघांनाही बोलवेना इतका दम लागला होता. हात सोडायचं लक्षात राहिलं नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ती राखी त्या वर्षी कुठे पडली काय माहीत, काकू विचारत होत्या. तर ती म्हणाली, पडणारच होती, मी गाठच मारली नव्हती.

तेवढ्यात मित्र आला, एक चप्पल हातात घेऊन.

सिंहगडरोडवासी

अरे मग????

खारीबिस्किट

मग काय, त्याने चार मिनिटं दोन सेकंद सांगितले पण ते त्याचे आहेत, आमचे नाहीत, त्यामुळे विक्रम धरायचा की नाही यावर परत येईपर्यंत भांडण. पुढच्या शनिवारी पाळी तिची आहे. काय लावणार ते सांगत नाहीये.

रिळकाका

काकू यायच्या आत चादर धुऊन ठेवा. डाग राहू दे.